सव्वापट, पाऊणपट आणि दोनचं वर्गमूळ

‘स्टडी नंबर २१’ ही रचना जेमतेम तीन मिनिटांची आहे. सुरुवातीला पियानोवर दोन आवाज ऐकू येतात. एक सावकाश चाललेला, सेकंदाला तीन-चार सूर. दुसरा भरधाव, त्याच्या जवळजवळ दसपट वेगानं. थोड्या वेळानं लक्षात येतं की सावकाश आवाज हळूहळू वेग घेतोय आणि भरधाव आवाज हळूहळू थकतोय. मध्ये कुठेतरी एका क्षणी दोघांचा वेग सारखा होतो. तो क्षण कानाला पकडता येत नाही. पकडायला जावं तोवर तो गेलेला असतो. मग पहिला पुढे निघतो आणि निघतच राहतो. शेवटाकडे तो सेकंदाला शंभराहून जास्त सूर ओततो. सूर वेगळे मोजणं केव्हाच सुटलेलं असतं, उरतो तो नुसता लखलखता गोंगाट. त्याच्या पाठीमागे दुसरा आवाज सेकंदाला दोन-अडीच सूर टाकत शांतपणे पावलं मोजत असतो. आणि एकदम सगळं थांबतं.

हे वाजवणारा पियानोवादक नाही, असूही शकत नाही. ही रचना ज्यानं केली, तो कॉनलन नॅनकॅरो मेक्सिको सिटीतल्या आपल्या खोलीत एक हातयंत्र घेऊन कागदाला भोकं पाडत बसायचा. चाळीसेक वर्षं तो हेच करत होता, आणि त्यातली बहुतेक वर्षं हे संगीत ऐकणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

भोकं पाडलेला कागद वाजतो कसा, हे आधी पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घरोघरी ‘प्लेअर पियानो’ असायचे. रेडिओ आणि ग्रामोफोन अजून रुळायचे होते, तोवर ज्याला पियानो येत नाही त्याच्याही घरात पियानो वाजवून दाखवणारं हे यंत्र. त्याच्या पोटात कागदाची गुंडाळी बसवलेली असते. कागद एका पितळी पट्टीवरून सरकतो. त्या पट्टीला बारीक छिद्रांची रांग असते, एका छिद्राला एक सूर. आत भाते हवा खेचून निर्वात ठेवत असतात. कागदातलं भोक पट्टीच्या छिद्रावर आलं की तिथून हवा आत शिरते, एक झडप उघडते, छोटा भाता मिटतो आणि हातोडी तारेवर पडते. कागदावर भोक डावी-उजवीकडे कुठे आहे त्यावर सूर ठरतो, आणि गुंडाळीच्या लांबीत कुठे आहे त्यावर वेळ. म्हणजे इथे वेळ ही इंचात मोजता येणारी वस्तू आहे. नॅनकॅरोच्या सगळ्या करामतीचं बीज या एका गोष्टीत आहे.

तो मूळचा आर्कान्सा राज्यातल्या टेक्सारकाना या गावचा. जन्म १९१२ चा. वडील पुढे काही वर्षं त्या गावचे महापौर होते. पोरगं मात्र ट्रम्पेट आणि जॅझच्या नादी लागलं. लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवादक अर्ल हाइन्स ही त्याची दैवतं, आणि पुढे त्याच्या डोक्यात बाख आणि स्ट्राविन्स्की येऊन बसले तरी ही आधीची मंडळी कधी उठून गेली नाहीत. सिनसिनाटीत आणि बॉस्टनमध्ये त्यानं संगीताचं शिक्षण घेतलं. बॉस्टनमध्येच तो कम्युनिस्ट पक्षात गेला. १९३७ साली तो स्पेनला पोचला आणि तिथल्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या, अमेरिकन स्वयंसेवकांच्या अब्राहम लिंकन ब्रिगेडमध्ये सामील झाला. तिथे जखमी झाला. तो आघाडीवर असताना इकडे अमेरिकेत त्याच्या सुरुवातीच्या रचना छापून आल्या. त्या त्याच्या मित्रानं, निकोलस स्लोनिम्स्कीनं पुढे पाठवल्या होत्या.

१९३९ मध्ये तो जिवंत परतला. सरकारनं त्याला पासपोर्ट नाकारला. स्पेनमध्ये लोकशाही सरकारच्या बाजूनं लढला हेच आता संशयाला पुरेसं होतं. अमेरिकन माणसाला पासपोर्टशिवाय जिथे जाता येईल अशा शेजाऱ्यांपैकी एक म्हणजे मेक्सिको, आणि मेक्सिकोनं तर स्पेनमधून हरून आलेल्या हजारो लोकांना आसरा दिला होता. १९४० साली नॅनकॅरो तिकडे गेला तो गेलाच. पुढे त्यानं मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं. १९९७ मध्ये त्याचा मृत्यूही मेक्सिको सिटीतच झाला.

जाण्याआधी न्यूयॉर्कमध्ये एक प्रसंग घडला होता, तो त्यानं नंतर मुलाखतीत सांगितला आहे. त्याची सात वाद्यांसाठीची एक रचना सादर होणार होती. तालमी दोन. एका तालमीला चारजण आले, दुसऱ्या तालमीला उरलेले तीन आणि आधीच्या चारांपैकी एक. सातही जण एकत्र असे कधी बसलेच नाहीत. प्रयोगात सुरुवातीलाच धागा सुटला आणि मग सगळंच कोसळलं. वादकांना दोष देणं सोपं आहे. पण नॅनकॅरो जे लिहीत होता ते त्या काळच्या चांगल्या वादकांनाही अवघडच होतं: दोन-तीन वाद्यं, प्रत्येकाची लय वेगळी, आणि सगळ्यांनी आपापली लय सोडायची नाही.

उपाय त्याला एका पुस्तकात सापडला. हेन्री कॉवेल या संगीतकारानं १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘न्यू म्युझिकल रिसोर्सेस’ या पुस्तकात लयीच्या गुंतागुंतीच्या प्रमाणांवर बरंच काही आहे, आणि त्यातच ओघात असं सुचवलं आहे की माणसाला न जमणाऱ्या लयी प्लेअर पियानोच्या गुंडाळीवर कोरून घेता येतील. कॉवेलनं स्वतः तसं काही केलं नाही. ते वाचून नॅनकॅरोनं मात्र उरलेलं आयुष्य त्या एका सूचनेवर लावलं. १९४७ मध्ये वारशाची थोडी रक्कम हाती आली तेव्हा तो न्यूयॉर्कला गेला, अँपिको बनावटीच्या प्लेअर पियानोची सोय केली, पियानोच्या गुंडाळ्या बनवणाऱ्या जे. लॉरेन्स कुक यांचं भोकं पाडायचं यंत्र पाहिलं आणि तसंच एक स्वतःसाठी करवून घेतलं.

त्या यंत्रात एक खोड होती. ते खाचेखाचेनं पुढे सरकायचं, त्यामुळे भोक फक्त खाचेवरच पाडता यायचं. म्हणजे काळाच्या रेघेवर आधीच चौकटी आखलेल्या, आणि त्या चौकटीत बसेल तेवढीच लय. सुरुवातीच्या रचनांना हे चाललं. मग त्यानं यंत्रात बदल करवून घेतला. खाचा गेल्या, पट्टी हवी तिथे सरकवता येऊ लागली, इंचाच्या कितव्याही भागावर भोक. हा बदल झाला नसता तर हळूहळू वेग वाढवणारी ‘स्टडी २१’ निघालीच नसती.

आता त्याच्या आवडत्या खेळाकडे येऊ. पाश्चात्त्य संगीतात ‘कॅनन’ नावाचा जुना प्रकार आहे. एक आवाज धून सुरू करतो, थोड्या वेळानं दुसरा आवाज तीच धून पहिल्यापासून सुरू करतो, आणि दोन्ही एकमेकांवर चढून चालतात. बाखनं यात कमाल केलेली आहे. नॅनकॅरोनं एकच बदल केला: दुसऱ्या आवाजाची लय वेगळी ठेवली.

यातून काय होतं ते आकड्यांतच पाहण्यासारखं आहे. समजा धून संथ आवाजात १०० सेकंदांची आहे. दुसरा आवाज तीच धून सव्वापट लयीत वाजवतो, म्हणजे त्याला ८० सेकंद पुरतात. त्याला २० सेकंद उशिरा सोडला. धुनेतली एखादी खूण पहिल्या आवाजात ऐकू आली की दुसऱ्यात ती पुन्हा ऐकू येते, पण किती वेळानं? सुरुवातीला २० सेकंदांनी, इतक्या वेळात ऐकणारा ती विसरलेलाही असतो. धून निम्मी झाली की १० सेकंदांनी. पाऊण झाली की ५ सेकंदांनी, आता ओळख पटू लागते. अगदी शेवटाकडे एका सेकंदानं, मग अर्ध्या, मग पाव. दोन आवाज एकमेकांच्या टाचेवर पाय देऊ लागतात आणि शेवटच्या सुरावर एकत्र कोसळतात. अनुकरण दुरून जवळ येत येत एकरूप होतं, आणि हे सगळं एका साध्या त्रैराशिकातून.

आता दुसऱ्याला २० ऐवजी १० सेकंद उशिरा सोडून पाहा. गाठ शेवटी पडण्याऐवजी बरोबर मध्यावर पडते. त्यानंतर मागून आलेला पुढे जातो. जो आत्तापर्यंत नक्कल करत होता तोच आता आधी बोलतो, आणि मूळ आवाज त्याच्या मागून तेच म्हणत येतो. ‘स्टडी १४’ मध्ये हेच आहे, प्रमाण चारास पाच, म्हणजे आपलं सव्वापट. ‘स्टडी ३६’ मध्ये चार आवाज आहेत आणि त्यांच्या लयींचं प्रमाण १७ : १८ : १९ : २०. एकेक आवाज येत जातो, आणि मध्यावर चौघं एका बिंदूतून पार होतात. तो बिंदू जवळ येताना चार आवाजांमधलं अंतर इतकं कमी होतं की एकच सूर फाटल्यासारखा, मग थरथरल्यासारखा, मग एकसंध ऐकू येतो आणि लगेच उलट क्रमानं पुन्हा फाटत जातो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रचना मागे नेऊन तेवढाच भाग परत परत ऐकत राहिलो.

आपल्याकडे तबल्याची साथ ऐकणाऱ्याला यातलं बरंच काही सांगावं लागत नाही. दीडपट, सव्वापट, पावणेदोनपट लय, तिहाईचा हिशोब, आणि सगळं फिरून समेवर येतं तेव्हा श्रोत्यांतून नकळत निघणारी दाद. नॅनकॅरोच्या गाठीच्या बिंदूत त्या समेचा आनंद नक्की आहे. फरक असा की आपली सम दर आवर्तनाला येते, श्रोत्याच्या हाताला ती ठाऊक असते, वादक तिला चुकवतो आणि शेवटी देतो. नॅनकॅरोच्या पुष्कळ रचनांमध्ये सम एकदाच आहे. ती केव्हा येणार याची टाळी कुणी देत नाही. तुम्हाला ती फक्त जवळ येताना जाणवते.

पुढे तो ज्या प्रमाणांकडे वळला त्यांना कुठल्याच तालशास्त्रात नाव नसेल. ‘स्टडी ३३’ मध्ये एका आवाजाची लय २ आणि दुसऱ्याची दोनचं वर्गमूळ. याचा अर्थ काय? चारास पाच असेल तर वेगवान आवाजाच्या पाच मात्रा झाल्या की दोन्ही आवाजांचे ठोके पुन्हा जुळतात. सतरास अठरा असेल तर जरा उशिरा, पण जुळतात. प्रमाण कुठलंही असो, ते दोन पूर्णांकांत मांडता आलं की ठोके केव्हा ना केव्हा पुन्हा एकत्र येणारच. दोनचं वर्गमूळ मात्र अपूर्णांकात मांडताच येत नाही, हे ग्रीकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी दाखवलं. म्हणून या दोन लयींचे ठोके एकदा जुळले की पुन्हा कधीच जुळणार नाहीत, रचना अनंतकाळ चालू ठेवली तरी. अर्थात भोकालाही रुंदी असते, त्यामुळे गणितातलं ‘कधीच नाही’ कागदावर उतरताना थोडं ढिलं पडतं. पण गणिताची शाळेतली सगळ्यात कोरडी वाटणारी गोष्ट इथे कानानं ऐकू येते. ‘स्टडी ४०’ मध्ये तर प्रमाण आहे e आणि पाय या तशाच अपूर्णांकात न मांडता येणाऱ्या दोन संख्यांचं. मला वाटतं इथे तो थोडा मिश्किलपणाही करत होता. आणि ‘स्टडी ३७’ मध्ये बारा आवाज आहेत, बाराही वेगळ्या लयीत. ही बारा प्रमाणं त्यानं कॉवेलच्या पुस्तकातून घेतली. सप्तकातल्या बारा सुरांमध्ये जी नाती, तीच बारा लयींमध्ये.

असं एखादं काम कसं चालायचं? आधी लयीचं प्रमाण ठरायचं. मग कोऱ्या गुंडाळीवर पेन्सिलीनं त्या लयीच्या खुणा करायच्या. त्या खुणांची अंतरं स्वरलिपीच्या कागदावर उतरवून घ्यायची आणि मग त्यावर सूर लिहायचे. संगीत सुचायचं ते या टप्प्यावर. मग एकेक सूर पुन्हा गुंडाळीवर, एका सुराला एक भोक. शेवटी नीटनेटकी स्वरलिपी. काही मिनिटांच्या रचनेला महिनोन्महिने लागायचे. माणसाच्या हाताला न जमणारं संगीत यंत्रानं वाजवलं खरं, पण ते यंत्राला भरवण्याचं काम पूर्णपणे हाताचं होतं. संगणकाला हे काम आज किरकोळ आहे. तरी संगणकावर सहज केलेल्या अशा रचना ऐकल्या की नॅनकॅरोच्या भोकांमागचा विचार किती दाट होता ते कळतं. ज्याला प्रत्येक सुरासाठी हात दुखवावा लागतो, तो वायफळ सूर लिहीत नाही.

पियानोचा आवाजही त्यानं बदलला. त्याच्याकडे दोन पियानो होते. हातोड्यांचा मऊपणा त्याच्या कामाचा नव्हता, त्यात वेगवान सूर एकमेकांत मिसळून जातात. म्हणून एका पियानोच्या हातोड्यांवर त्यानं कडक चामडं चढवलं आणि दुसऱ्याच्या हातोड्यांना धातू लावला. त्यामुळे त्याच्या ध्वनिमुद्रणात पियानोचा नेहमीचा गोलावा सापडत नाही, प्रत्येक सूर टोकदार, थोडा कडाड असा उमटतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो कर्कश वाटतो. मलाही वाटला, आणि काही रचनांत अजून वाटतो. त्याआधी तर त्यानं ढोल-ताशासारखी तालवाद्यंही अशाच गुंडाळीवर, हवेच्या जोरानं वाजवायचा खटाटोप करून पाहिला. तो जमला नाही.

इतकं सगळं, आणि ऐकायला कोण? १९६० मध्ये नृत्यकार मर्स कनिंगहॅमनं त्याच्या काही रचनांवर ‘क्रायसीज’ नावाचं नृत्य बसवलं. १९६२ मध्ये मेक्सिको सिटीत एक कार्यक्रम झाला. १९६९ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं एक रेकॉर्ड काढली. त्यानंतर पुन्हा शांतता. त्याला प्रसिद्धीची फारशी हौसही नव्हती, मुलाखतीतली त्याची उत्तरं एका ओळीत संपायची. कॅलिफोर्नियातले पीटर गारलँड आणि चार्ल्स अमिरखानियन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या स्वरलिप्या छापल्या आणि त्याच्याच पियानोंवर नव्यानं ध्वनिमुद्रण करून रेकॉर्डी काढल्या. त्यातल्या काही १९८० मध्ये पॅरिसच्या दुकानात ग्योर्गी लिगेटीच्या हाती लागल्या. लिगेटी हा तेव्हाचा युरोपातला फार मोठा संगीतकार. तो ऐकून थक्क झाला आणि दिसेल त्याला सांगत सुटला की हयात संगीतकारांत याच्या तोडीचं कोणी नाही. लिगेटीनं पुढे पियानोसाठी जे ‘एट्यूड’ लिहिले, त्यांत नॅनकॅरोच्या लयी स्पष्ट दिसतात.

१९८१ मध्ये नॅनकॅरो सॅन फ्रान्सिस्कोच्या महोत्सवाला आला, कित्येक वर्षांनी मायदेशी. १९८२ मध्ये मॅकआर्थर पुरस्काराचे तीन लाख डॉलर मिळाले. वयाची सत्तरी गाठलेल्या, घरात बसून भोकं पाडणाऱ्या माणसाला एकाएकी युरोपभर आमंत्रणं येऊ लागली. ट्रिमपिन नावाच्या अवलियानं त्याच्या गुंडाळ्या वाचणारं यंत्र बनवून त्यातली भोकं संगणकाच्या भाषेत उतरवली, त्यामुळे कागद फाटला तरी संगीत आता जात नाही. मूळ कागदपत्रं स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या पाउल साखर संस्थेत आहेत.

सगळ्यात मजेची कलाटणी मात्र वादकांनी दिली. चाळीस वर्षांत वादकांची एक नवी पिढी तयार झाली होती, तिच्या कानाला या लयी परक्या नव्हत्या. ज्या माणसानं वादकांना कंटाळून कागद जवळ केला, त्याच्याकडे आता वादक येऊन आमच्यासाठी लिहा म्हणू लागले. लंडनच्या आर्डिट्टी क्वार्टेटसाठी त्यानं तिसरी स्ट्रिंग क्वार्टेट लिहिली: चार वाद्यं, लयी ३ : ४ : ५ : ६, आणि चौघं हाडामांसाची माणसं. त्यांनी ती वाजवलीही. पियानोवादिका उर्सुला ओपन्ससाठी त्यानं दोन कॅनन लिहिले, एकटीनं दोन हातांत दोन लयी सांभाळायच्या. काही जुन्या ‘स्टडी’ही आता दोन पियानोंवर किंवा छोट्या वाद्यवृंदात वाजवल्या जातात.

ऐकायचं असेल तर थेट ३७ ला हात घालू नका, बारा आवाजांत माणूस बुडतो. ‘स्टडी ३’ च्या पहिल्या भागापासून सुरुवात करा. ती बूगी-वूगी आहे, टेक्सारकानाच्या पोराच्या रक्तातलं जॅझ, फक्त दहाबारा हातांचा पियानोवादक बेभान सुटल्यासारखं. मग २१. मग ३६, डोळे मिटून, गाठ कुठे पडते ते शोधत. आणि २५ चा शेवट, जिथे दहा-बारा सेकंदांत हजाराच्या वर सूर कोसळतात, तो आवाज थोडा कमी ठेवून ऐका. तो अजून एकाही वादकाच्या हाती लागलेला नाही.